रस्ता संपतो तिथून बोट : चिलीच्या दक्षिण किनाऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

चिलीचा दक्षिण किनारा पाठीवर सॅक घेऊन, बोटीने कसा फिरायचा, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

आम्ही दोघे मित्र जानेवारीत जातोय. इंटरनेटवर तीन-चार बोटींची नावं दिसतात आणि गोंधळ उडतो. नेमकी कोणती बोट कुठून कुठे जाते? आणि बसने का जाता येत नाही? (पुणे)

बसने न जाता येण्याचं कारण बर्फ. पुएर्तो मोन्तहून निघालेला कार्रेतेरा आउस्त्राल हा रस्ता सुमारे 1,240 किलोमीटरवर बिया ओ'हिगिन्स या गावात संपतो. त्याच्या पुढे दक्षिण पातागोनियाचा हिमप्रदेश आडवा येतो. हा उत्तर-दक्षिण साधारण 350 किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या पश्चिमेला जमिनीपेक्षा पाणीच जास्त : बेटं, खाड्या आणि त्यांतून जाणारे अरुंद जलमार्ग. चिलीच्या हद्दीतून रस्त्याने पलीकडे जायची सोयच नाही. एक तर अर्जेंटिनात शिरून वळसा घाला, नाही तर विमान किंवा बोट. म्हणून या बोटी म्हणजे इथली एसटी आहे. त्यांत ट्रक असतात, सिमेंट असतं, कधी गुरं असतात, आणि प्रवासी असतात. पर्यटनाच्या क्रूझची कल्पना डोक्यातून आधी काढून टाका.

तुमच्या कामाच्या बोटी तीन. पहिली नाविमाग कंपनीची, पुएर्तो मोन्त ते पुएर्तो नातालेस. तीन रात्री, चार दिवस. झोपायला बंक, तिन्ही वेळचं जेवण तिकिटात. दुसरी आउस्त्राल ब्रूम कंपनीची, कार्रेतेरा आउस्त्रालवरच्या पुएर्तो युंगाय इथून कालेता तोर्तेल आणि पुएर्तो एदेन करत नातालेसला जाते. चाळीस-बेचाळीस तास लागतात, झोप मागे कलणाऱ्या खुर्चीवर. तिसरी त्याच कंपनीची 'याघान', पुंता अरेनासहून नवारिनो बेटावरच्या पुएर्तो विल्यम्सला, तीस-बत्तीस तासांची. तिन्ही साधारण आठवड्यातून एकदा सुटतात, म्हणजे एक चुकली की आठवडा गेला.

तीन आठवडे असतील आणि हाडं तरुण असतील तर दुसरी बोट घ्या. कार्रेतेरा आउस्त्राल बसने उतरत यायचं, तोर्तेलला दोन दिवस काढायचे आणि तिथून बोट पकडायची. तोर्तेल गावात रस्ताच नाही. सिप्रेस लाकडाच्या फळ्यांच्या पायवाटा आणि जिने आहेत, खाली पाणी आणि चिखल. चाकांची बॅग घेऊन गेलात तर ती डोक्यावर घेऊन फिरावं लागेल. पावसात या फळ्यांवर शेवाळाचा पातळ थर येतो. फळीच्या मधोमध चालू नका, जिथे खाली आडवं लाकूड ठोकलंय आणि खिळ्यांची डोकी दिसतात तिथे पाय टाका. बोट तोर्तेलला बऱ्याचदा रात्री लागते, त्यामुळे डोक्याला बांधायचा टॉर्च सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा. आणि पैसे वाटेतल्या कोयाइके शहरातच काढून ठेवा, तोर्तेलमध्ये बँकेच्या भरवशावर राहू नका.

आमच्याकडे येऊन-जाऊन 18 दिवस आहेत. तोर्रेस देल पाइनेचा 'डब्ल्यू' ट्रेक आणि नाविमागची बोट दोन्ही करायचं आहे. आधी बोट की आधी ट्रेक? (कोल्हापूर)

आधी ट्रेक. बहुतेक जण उलट करतात, म्हणजे पुएर्तो मोन्तहून बोटीने खाली उतरतात आणि दुसऱ्याच दिवशीचं कॅम्पचं आरक्षण करून ठेवतात. इथेच घोळ होतो.

तुमच्या प्रवासात दोन गोष्टी हलत नाहीत : परतीचं विमान आणि ट्रेकमधल्या मुक्कामांच्या तारखा. तोर्रेस देल पाइने या नातालेसजवळच्या राष्ट्रीय उद्यानात प्रत्येक रात्रीची जागा आधी आरक्षित असावी लागते, नसेल तर पुढे सोडत नाहीत. आणि हंगामात एक तारीख हुकली की पुढच्या सगळ्या हुकतात. हलणारी गोष्ट एकच, बोट. बंदर उघडं की बंद हे कंपनी ठरवत नाही, चिलीच्या नौदलाचा बंदर अधिकारी ठरवतो. वारा वाढला की 'पुएर्तो सेर्रादो', बंदर बंद. जुन्या पिढीतल्या कोकणी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मुंबई-पणजी आगबोट पावसाळ्यात बंदच असायची. इथे फरक एवढाच की वेळ सांगून बंद होत नाही. कधी सहा तास, कधी दीड दिवस.

वाऱ्याखेरीज आणखी एक कारण आहे. नातालेसजवळ व्हाइट नावाची अरुंद वाट आहे, रुंदी 80 मीटरच्या आसपास. भरती-ओहोटीच्या वेळी तिच्यातून पाणी इतक्या जोरात धावतं की मोठी बोट आत घालता येत नाही. पाणी थांबतं त्या थोड्या वेळात, तेही उजेडात, बोट पार करतात. ती वेळ चुकली की पुढचं पाणी थांबायला सहा तास लागतात, आणि तोवर अंधार पडला तर सकाळपर्यंत नांगर टाकून उभं राहायचं. वाटेत तासाभराचा उशीर झाला तर शेवटी तो असा वाढतो.

तेव्हा बोटीची तारीख आधी पक्की करा आणि मागे मोजत जा. साधारण असं बसतं : पहिले दोन दिवस मुंबईहून सांतियागोमार्गे नातालेस. तिसरा दिवस गॅस, खाणं आणि झोप. चौथा ते आठवा ट्रेक. नववा दिवस मोकळा ठेवाच, ओले बूट वाळायलाही लागतो. दहाव्याला बोट. नातालेसहून बऱ्याचदा आदल्या रात्रीच चढवून घेतात आणि पहाटे सोडतात, त्यामुळे त्या रात्रीचं हॉटेल घेण्याआधी कंपनीला विचारा. चौदाव्यापर्यंत पुएर्तो मोन्त. पंधरा-सोळा चिलोए बेट. कास्त्रोची बस तराफ्यावरून खाडी ओलांडते आणि चार तासांच्या आत पोचवते. युनेस्कोने 2000 साली जागतिक वारशात घेतलेली लाकडी चर्चेस याच बेटावर आहेत. बोट उशिरा आली तर चिलोएचे दिवस खर्ची पडतील, विमान चुकणार नाही. सतराव्याला सांतियागो, अठराव्याला उड्डाण.

सुटण्याच्या दोन दिवस आधीपासून रोज वेळ तपासा. ईमेलच्या भरवशावर राहू नका, कार्यालयात जाऊन विचारा.

व्हिसाबद्दल एकच : अर्जेंटिनातल्या एल कालाफातेला जाऊन यायचा विचार असेल तर चिलीचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा. विमानतळावर मिळणारा प्रवेशाचा कागद पासपोर्टातच ठेवा. तो दाखवून परदेशी कार्डाने किंवा डॉलरमध्ये पैसे दिले तर बऱ्याच हॉटेलांत 19 टक्के कर लागत नाही.

मला घाटातली बससुद्धा सोसत नाही. तीन दिवस बोटीत निभेल का? (नाशिक)

निभेल, कारण तीन दिवसांतला फक्त एक तुकडा वाईट आहे. बाकीचा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो आणि पाणी बहुतेक वेळा तलावासारखं असतं. वाईट तुकडा म्हणजे गोल्फो दे पेनास हे आखात. 'पेनास' म्हणजे दुःखं, यातना. इथे बेटांची रांग तुटते आणि बोट दहा-बारा तास उघड्या पॅसिफिकला सामोरी जाते. पश्चिमेकडून हजारो किलोमीटर विनाअडथळा आलेली लाट बोटीला आडवी धडकते. बोट डावी-उजवी झुलते आणि त्याच वेळी नाक वर-खाली करते. मळमळ याच दुहेरी हालचालीने होते. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कान सांगतात आपण हलतोय, आणि पोटाला ते पटत नाही.

दक्षिणेला जाताना हा भाग बहुधा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू होतो आणि रात्रभर चालतो. बोटीवर त्याची आधी सूचना देतात. पण सूचना ऐकून गोळी घेऊ नका, उशीर झालेला असतो. घाटासाठी आपण घेतो ती ॲव्होमिन, 25 मिलिग्रॅमची, इथेही चालते. आखातात शिरायच्या किमान दोन तास आधी घ्या. एकदा उलटी सुरू झाली की गोळी पोटात टिकत नाही, आणि लोक म्हणतात गोळी लागूच पडली नाही. तिने झोप येते, रात्रीच्या प्रवासात ते बरंच. काचबिंदू असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा झोपेचं दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तिच्यासोबत दारू अजिबात नको. चिलीतल्या औषधाच्या दुकानात 'मारेआमीन' मिळतं, पण त्याचा पहिला प्रयोग आखातात करू नये.

बंक निवडता आला तर बोटीच्या मधल्या भागातला, खालच्या मजल्यावरचा घ्या. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत जास्त. खिडकीसाठी जास्त पैसे मोजून वरची केबिन घेणारे त्या रात्री पस्तावतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला कोरडं काही खा, पाव, उकडलेला बटाटा, भात. पोट रिकामं ठेवण्याचा उपाय बरेच जण करतात, त्याने त्रास वाढतो. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. मोबाइल आणि पुस्तक बंद. बसायचं असेल तर क्षितिज दिसेल असं बसा. अंधार पडला की डोळे मिटून उताणे पडा.

आणि एवढं करूनही धीर होत नसेल तर युंगाय-तोर्तेलची बोट घ्या. तोर्तेल या आखाताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे ती बोट आत-आतूनच मेसिएर जलमार्गात उतरते आणि पेनासचा मोठा तुकडा टळतो. घाट न सोसणाऱ्याने मात्र एक हिशोब करावा : तोर्तेलपर्यंत पोचायला कार्रेतेरा आउस्त्रालची वळणं आहेतच, आणि ती कच्च्या रस्त्याची आहेत.

पावसाळ्यात सह्याद्रीत वीस वर्षं फिरतोय. तोच पोंचो, तीच सॅक, तेच बूट चालतील ना? (सातारा)

सॅक चालेल. बूट कदाचित. पोंचो घरी ठेवा.

सह्याद्रीतला पाऊस ऊबदार असतो. माणूस भिजतो, चालत राहतो, अंगातल्या उष्णतेने भागतं. तिथे उन्हाळ्यातही दिवसाचं तापमान 8 ते 15 अंश, रात्री 2-3 अंश, डोंगरावर जानेवारीतही बर्फ पडू शकतो, आणि वर वारा. ताशी 60-70 किलोमीटरचा वारा ही तिथे बातमी नसते. अशा वाऱ्यात पोंचोचं शीड होतं, तो डोक्यावर उलटतो आणि पायाखालचं दिसत नाही. छत्रीबद्दल बोलायलाच नको. पावसाळा नावाचा वेगळा ऋतूही तिकडे नाही, जलमार्गांच्या पट्ट्यात बाराही महिने पडतो.

हवं ते असं : अंगाला लागून लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, दोन जोड. त्यावर फ्लीस. त्यावर टोपीला घट्ट करायची दोरी आणि कडक छज्जा असलेलं रेनजॅकेट. टोपी सैल असेल तर वाऱ्यात डोकं वळवलं की चेहरा टोपीतच राहतो. खाली रेनपँट हवीच. सह्याद्रीत आपण ती घेत नाही, तिथे तिच्याशिवाय तासाभरात मांड्या बधिर होतात. सुती बनियन, जीन्स, सुती मोजे नकोत. मुक्कामासाठी एक पूर्ण कोरडा जोड वेगळ्या पिशवीत, आणि तो कितीही मोह झाला तरी चालताना घालायचा नाही. पिसांचं जॅकेट ओलं झालं की गोळे होऊन निरुपयोगी होतं, त्यामुळे सिंथेटिक भरावाचं बरं.

सॅकच्या बाहेरच्या कव्हरवर विसंबू नका, वारा ते उडवून नेतो. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून आत दुमडा. ही सवय आपल्याकडच्या भटक्यांना असतेच, तीच तिथे सर्वांत उपयोगी पडते. एकूण वजन अन्नासह 14 किलोच्या वर जाऊ देऊ नका.

तंबूच्या खुंट्या मात्र वेगळ्या लागतील. आपल्याकडे मुरमात चार इंची खुंटी ठोकली की बसते. तिथली जमीन बऱ्याच जागी पीट आहे, दाबली तर पाणी सोडणारी, स्पंजसारखी. आखूड खुंटी त्यात बोटाने निघते. सात-आठ इंची, रुंद पात्याच्या खुंट्या घ्या, आणि तंबूच्या सगळ्या दोऱ्या ताणा, 'आज वारा नाही' असं म्हणून एकही सोडू नका.

गॅसची डबी विमानात नेता येत नाही. पेचाची डबी पुंता अरेनास किंवा नातालेसला मिळते, आणि बोटीवर चढताना ती सॅकमध्ये आहे हे सांगायचं असतं. तोर्रेस देल पाइनेत नेमून दिलेल्या जागेबाहेर स्टोव्ह पेटवायचा नाही. 2005 साली एका पर्यटकाच्या कलंडलेल्या स्टोव्हमुळे तिथे सुमारे 15 हजार हेक्टर जळालं. त्या वाऱ्यात ठिणगी विझत नाही, पळते.

आम्ही शाकाहारी आहोत. खाण्याचं काय? घरून काय न्यावं? (डोंबिवली)

घरून न्यायचं ते फार कमी. चिलीचं शेती-पशुसंवर्धन खातं विमानतळावर सामान तपासतं, यंत्राने आणि कुत्र्यांनीही. ताजी फळं, भाज्या, मध, कच्चं बी-बियाणं, घरगुती दुधाचे पदार्थ यांना बंदी आहे. कच्ची मूगडाळ, मटकी, कढीपत्त्याची जुडी, साजूक तुपाची बरणी, पेढे यांचा विचारच करू नका. प्रवेशाच्या वेळी एक प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. शंका असेल तर 'आहे' असंच लिहा. 'आहे' लिहून वस्तू दाखवली तर जास्तीत जास्त ती काढून घेतात. 'नाही' लिहून सापडली तर दंड. सर्वांत जास्त लोक सापडतात ते विमानात मिळालेल्या सफरचंदामुळे; ते बॅगेत टाकतात आणि विसरतात. अर्जेंटिनातून बसने परत येतानाही सीमेवर हीच तपासणी होते, तेव्हा सँडविच आधीच संपवा.

निभावतं ते भाजून दळलेलं, कारखान्यात सीलबंद केलेलं आणि इंग्रजीत घटक छापलेलं. मेतकूट आणि गोडा मसाला असा घ्या, आणि तरीही दाखवा. घरच्या डब्यातला चिवडा कितीही चांगला असला तरी त्यावर लेबल नाही आणि आत काय आहे हे अधिकाऱ्याला कळत नाही.

बाकी सगळं तिथे मिळतं. मसूर म्हणजे 'लेन्तेखास', तांदूळ 'अर्रोस', ओट्स 'आवेना', शेंगदाणे 'मानी', राजम्यासारख्या शेंगबिया 'पोरोतोस'. ट्रेकवर सर्वांत सोयीचं म्हणजे बटाट्याची कोरडी भुकटी, 'पुरे'. उकळतं पाणी ओतलं की दोन मिनिटांत तयार होते, आणि त्यात चमचाभर मेतकूट घातलं की घरच्यासारखी चव येते. एका माणसाला एका वेळेला 60-70 ग्रॅम पुरते.

बोटीवर नुसतं 'वेखेतारियानो' म्हणून भागत नाही. ट्यूना किंवा हॅमचे तुकडे असलेलं ताट समोर येऊ शकतं, कारण बऱ्याच जणांच्या लेखी ते मांसात मोडत नाही. वाक्य पाठ करा : 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि खामोन, नि पेस्कादो, नि मारिस्कोस.' मांस, कोंबडी, हॅम, मासे, शिंपले, यातलं काही खात नाही. तिकीट काढताना लिहून कळवा आणि चढल्याबरोबर स्वयंपाकघरात पुन्हा सांगा. वाटेत बाजार नाही, जे चढलंय तेच शिजतं. सूप कशाच्या पाण्यात केलंय ते वेगळं विचारा. अंडं चालत असेल तर अडचण उरत नाही. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी मात्र स्वतःची सोय पूर्ण करूनच जावं.

पुएर्तो एदेनला बोट थांबते म्हणे. खडकांना शिणाणे लागलेले असतात, काढून शिजवले तर चालतील का? (मालवण)

नाही. एकही नाही. तिकडच्या जलमार्गांत 'मारेआ रोखा' म्हणजे लाल भरती वारंवार येते. सूक्ष्म शैवाल वाढतं, शिंपले ते गाळून खातात आणि विष त्यांच्या मांसात साठतं. हे विष उकडून, भाजून, लिंबू पिळून, कशानेही जात नाही. वासात, चवीत, रंगात फरक पडत नाही, आणि पाणी लाल दिसेलच असंही नाही. आधी ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी बधिर होतात, मग श्वासाचे स्नायू थांबतात. तिथून दवाखाना बोटीने दिवसभराच्या अंतरावर आहे. आपल्याकडे ओहोटीला खडकावरून कालवं काढून खाण्यात जो आनंद आहे तो तिकडे विसरायचा. दुकानात किंवा उपाहारगृहात मिळणारा माल तपासणीतून आलेला असतो, तो खायला हरकत नाही.

पुएर्तो एदेन हे कावेस्कार लोकांचं गाव आहे. हजारो वर्षं होड्यांतून या जलमार्गांत फिरणारे हे लोक, आता त्यांची भाषा बोलणारे मोजकेच उरले आहेत. बोट थोडा वेळच थांबते, खाली उतरू देतीलच असं नाही. गवताच्या विणलेल्या टोपल्या आणि छोट्या होड्या विकायला असतात. सुटे पैसे जवळ ठेवा, फार घासाघीस करू नका आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

वय 61. खुर्चीवर चाळीस तास झेपतील का? (ठाणे)

रात्रीच्या व्होल्वोत ज्यांना झोप लागते त्यांना झेपतील. खुर्ची बरीच मागे जाते, पण सपाट होत नाही. पाय सुजू नयेत म्हणून दर दोन तासांनी उठून चाला, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे घाला. आत हीटर जोरात असतो आणि बाहेर गोठवणारं, त्यामुळे सुटसुटीत काढता-घालता येईल असं जॅकेट हवं. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी घ्या. इंजिनाची घरघर थांबत नाही.

मोठी सॅक बहुतेक वेळा खालच्या वाहनांच्या मजल्यावर ठेवतात आणि बोट चालू असताना तिथे जाऊ देत नाहीत. रोजची औषधं, चष्मा, कोरडे मोजे, टूथब्रश, चार्जर हे हातातल्या पिशवीत. चार्जरला दोन गोल पिनांचा प्लग चालतो, आपला तीन पिनांचा बसत नाही. बोटीच्या दारांना जमिनीपासून वीतभर उंच उंबरठा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. पडण्याचे प्रसंग तिथेच येतात. दार लोखंडी आणि जड, हेलकाव्यात ते आपोआप आपटतं. चौकटीवर बोटं ठेवू नका, हात कठड्यावर. गुडघे दुखत असतील तर नाविमागचा खालचा बंक घ्या, पैसे जास्त जातात पण आडवं होता येतं.

नवारिनो बेटावरचा दिएन्तेस ट्रेक एकटीने करता येईल का? (पुणे)

एकटीने नको, एकट्यानेही नको. सुमारे 53 किलोमीटरची वाट, चार-पाच दिवस, पण अंतरावरून अंदाज बांधू नका. खुणा आहेत, पायवाट सगळीकडे नाही. 1946 साली अर्जेंटिनाने फरसाठी तिएर्रा देल फ्युएगोत बीव्हर हे उंदरांच्या कुळातले प्राणी सोडले, ते पुढे पाणी ओलांडून या बेटावर आले. त्यांनी बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे वाट पाण्याखाली जाते आणि मेलेल्या झाडांतून नवी शोधावी लागते. पाणी स्वच्छ दिसलं तरी उकळून किंवा गाळून प्या, बीव्हर आहे तिथे पोटाचा संसर्ग आहे.

कठीण जागा शेवटी येते, विर्खिनिया खिंड, 859 मीटर. उंची ऐकून हसू येईल, आपला राजगड-तोरणा याहून उंच. पण इथे 55 अंश दक्षिणेला झाडं केव्हाच मागे राहिलेली असतात. माथ्यावर वाऱ्याला काही आडवं नाही, आणि पलीकडची उतरण सुट्या दगडांची, कडेला बर्फाचा छज्जा. छज्जावर पाय ठेवायचा नाही, तो खालून पोकळ असतो. खिंडीच्या पायथ्याशीच वाऱ्याने तोल जात असेल तर तंबू ठोका आणि थांबा. त्यासाठी दोन दिवसांचं जास्तीचं अन्न. निघताना पुएर्तो विल्यम्सच्या पोलिसांकडे, 'काराबिनेरोस'कडे, नोंद करावी लागते. परत आल्यावर कळवायला विसरू नका, नाही तर तुमच्या शोधाला माणसं निघतात. गॅस आणि अन्न पुंता अरेनासहून आणा. विल्यम्सच्या दुकानांतला भाजीपालाही याच बोटीने येतो, त्यामुळे बोट यायच्या आदल्या दिवशी फळ्या रिकाम्या असू शकतात.

पक्षी आणि हिमनद्या पाहायच्या आहेत. डेकवर कुठे उभं राहावं आणि कोणती दुर्बीण घ्यावी? (अलिबाग)

दुर्बीण 8×42, म्हणजे आठपट मोठी दाखवणारी. दहापट मोठी दाखवणारी दुर्बीण इंजिनाच्या थरथरीत स्थिर राहत नाही. पुढच्या टोकाला वारा आणि फवारा असतो. मागच्या डेकवर, वाऱ्याच्या उलट बाजूला, पाठ भिंतीला टेकून उभे राहा. उघड्या समुद्रात काळ्या भुवईचे अल्बाट्रॉस आणि मोठे पेट्रेल बोटीच्या मागेच तरंगत येतात. जलमार्गांत शिरलात की किनाऱ्यालगत एक जाड, राखी बदक दिसेल. ते उडत नाही, पंख वल्ह्यांसारखे मारत पाणी उडवत पळतं. चाकाच्या जुन्या आगबोटींवरून त्याला नाव पडलं, चिलीत 'पातो वापोर' म्हणतात.

मेसिएर जलमार्गात भर पाण्यात एक गंजलेलं जहाज उभं दिसेल. ते चालत नाही. 'कॅप्टन लिओनिदास' हे मालवाहू जहाज 1968 साली तिथल्या उथळ खडकावर चढलं आणि तसंच राहिलं. आता इतर जहाजं त्यालाच खडकाची खूण मानतात.

हिमनद्यांसाठी 'याघान' बोट. पुंता अरेनासहून विल्यम्सला जाताना बीगल जलमार्गाच्या वायव्य फाट्यात रोमान्च, अलेमानिया, फ्रान्सिया, इतालिया, ओलांदा अशा एकामागून एक येतात. सगळ्या उत्तरेच्या काठावर आहेत आणि बोट पूर्वेला चाललेली असते, म्हणजे डाव्या बाजूची खुर्ची मागा. परतीला उजवी. रोमान्च पाण्यापर्यंत पोचत नाही. वरच्या बर्फातून फुटलेला धबधबा थेट समुद्रात पडतो, आणि बोट जवळून जाते तेव्हा त्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू येतो. भिंगावर फवारा बसला तर कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं कापड फिरवा, मग कोरडं.